बोर्ड हातात घेण्याआधी: सोलापूरच्या कोरड्या हवेत स्टॅटिकपासून पार्ट कसे वाचवायचे

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की हवेतला ओलावा जवळजवळ संपतो. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी शटरला हात लावला की बारीक चटका बसतो. टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. घासून साठलेली ही वीज म्हणजेच स्टॅटिक. घरी याची गंमत वाटते. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र याच चटक्याने आयसी (चिप) मरते, आणि बहुतेक वेळा तो चटका आपल्याला जाणवतही नाही.

अंगावर साधारण ३००० व्होल्ट साठल्याशिवाय माणसाला झटका कळत नाही. कित्येक मॉसफेट (व्होल्टेजने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) आणि तशाच बारीक ट्रान्झिस्टरांच्या सीमॉस आयसी मात्र शंभर-दोनशे व्होल्टमध्येच जायबंदी होतात. म्हणजे तुम्हाला चटका बसला, तर पार्टला मारायला लागतात त्याच्या कितीतरी पट व्होल्ट तुमच्या अंगावर होते. बसला नाही, तरी पार्ट वाचला असं समजू नका.

हवेचा फरक किती पडतो ते बघा. या विषयाच्या पुस्तकांत एक जुना तक्ता नेहमी दिलेला असतो. विनायलच्या फरशीवरून चालत गेलं, तर १०-२० टक्के आर्द्रतेत अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत साठतात. ६५-९० टक्के आर्द्रतेत तेच २५०. टेबलावरची पॉलिथिनची पिशवी उचलली, तर कोरड्या हवेत २०,००० आणि दमट हवेत १,२००. कोकणातल्या एखाद्या दुकानात जी सवय खपून जाते, ती आपल्याकडे मे महिन्यात खपत नाही. गिरण्यांच्या या गावाला हे नवं नाही. हवा कोरडी पडली की सूत भारतं, एकमेकांना चिकटतं, तुटतं. म्हणून सूतगिरण्यांत हवा दमट ठेवायची सोय असते. आपल्या टेबलावर तुटणारा धागा दिसत नाही, एवढाच फरक.

कोणता पार्ट नाजूक, कोणता नाही

रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले, साधे रेक्टिफायर डायोड यांची फार काळजी करू नका. जपायचं ते मॉसफेट, आयजीबीटी, मायक्रोकंट्रोलर, ईईप्रॉम, रॅम, सगळ्या सीमॉस आयसी, टीव्हीच्या पॅनलला चिकटलेल्या रिबनवरचे ड्रायव्हर आणि डीव्हीडी पिकअपमधला लेझर डायोड यांना. टीव्हीच्या बॅकलाइटमधले पांढरे एलईडीही या यादीत येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मॉसफेटला तीन पाय असतात: गेट, सोर्स आणि ड्रेन. गेटवरच्या व्होल्टेजने सोर्स-ड्रेनमधली वाट उघडते. या गेटखाली अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो. बहुतेक पॉवर मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये गेट-सोर्सची मर्यादा अधिक-उणे २० व्होल्ट लिहिलेली असते. तो थर एकदा फुटला की संपलं. मोठ्या मॉसफेटच्या गेटची कपॅसिटन्स जास्त असते, त्यामुळे तो थोडाफार मार सोसतो. २एन७००० सारखा चिमुकला मॉसफेट सोसत नाही.

गेटवर चार्ज कसा बसून राहतो ते स्वतः पाहायचं असेल तर आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हल (गेटवर कमी व्होल्ट असले तरी चालू होणारा) मॉसफेट घ्या. मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर) डायोड मोडवर ठेवा. काळी प्रोब सोर्सला धरून ठेवा आणि लाल प्रोब क्षणभर गेटला टेकवा. मग लाल प्रोब ड्रेनला लावा: मॉसफेट चालू दिसेल. प्रोब काढली, थोडं थांबलात, पुन्हा लावली, तरी चालूच. गेट आणि सोर्स एकमेकांना टेकवले की बंद. मीटरच्या दोन-तीन व्होल्टवर हे होतं, तर बोटातल्या हजारो व्होल्टवर काय होत असेल ते ओळखा. नवी पोरं याच कारणाने चांगला मॉसफेट ‘शॉर्ट आहे’ म्हणून कचऱ्यात टाकतात. चेक करण्याआधी गेट-सोर्स शॉर्ट करायची सवय लावून घ्या.

आणि प्रत्येक वेळी पार्ट जागेवरच मरतो असंही नाही. काही वेळा तो अर्धमेला होतो. बोर्ड चालू होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच काम परत येतं. मग आपण म्हणतो, पार्ट डुप्लिकेट होता. बाजारात डुप्लिकेट माल आहेच, त्यात वाद नाही. पण निम्मं खापर तरी आपल्याच हातावर फोडायला हवं, असं माझं मत आहे.

आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

बाजारात जाऊन मनगटाचा पट्टा (अंगावरचा चार्ज वायरीने अर्थमध्ये उतरवणारा) आणण्याआधी दुकानातल्या सॉकेटचं तिसरं भोक तपासा. जुन्या पेठांमधल्या कितीतरी गाळ्यांत त्या भोकामागे वायरच नसते. असली तर बोर्डापर्यंत येऊन कुठेतरी तुटलेली असते.

मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये ७०, ११० असे वाटेल ते आकडे आले आणि ते हलत राहिले, तर अर्थ तरंगतोय, म्हणजे वायर कुठेच पोचलेली नाही. उलट आकडे बरोबर आले तरी लगेच निर्धास्त होऊ नका. डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे खराब अर्थही त्याला चांगला दिसतो. खात्री वायरमनकडून करून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायचा प्रकार स्वतः करू नका. अर्थ खराब असेल तर त्या बल्बातून त्या लाइनवरच्या सगळ्या मशीनच्या बॉडीवर करंट येतो.

काही वायरमन सरळ न्यूट्रलचा तुकडा तिसऱ्या पिनला जोडून देतात. मीटरवर मग सगळं छान दिसतं. पण एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटला की तुमच्या सोल्डरिंग स्टेशनच्या बॉडीवर आणि टेबलावरच्या अँटिस्टॅटिक मॅटवर फेज येतो. असं केलेलं आढळलं तर आधी ते काढायला लावा. नळाच्या पाइपला अर्थ जोडायचीही एक जुनी सवय आहे. आता मध्ये कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा असतोच, त्यामुळे तिचा काही उपयोग नाही.

अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं. कोळसा-मीठ घातलेला खड्डाही माती वाळली की काम करेनासा होतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात खड्ड्यात बादली ओता म्हटलं की लोक हसतात, पण कूलरचं उरलेलं पाणी तरी तिथे जाऊ द्या.

अर्थ अजिबातच नसेल, भाड्याचा गाळा आहे, मालक ऐकत नाही, तरी हात बांधून बसायची गरज नाही. स्टॅटिकमध्ये मुद्दा असतो सगळ्यांना एकाच व्होल्टेजवर आणण्याचा. तुम्ही, मॅट आणि ज्या मशीनवर काम चाललंय तिची लोखंडी बॉडी हे तिन्ही एकमेकांना जोडलं की तुमच्यात आणि बोर्डात फरक उरत नाही, आणि फरक नाही तर ठिणगीही नाही. कॉम्प्युटर उघडताना पिन सॉकेटमधून काढा आणि पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. तेवढ्याने बरंच काम होतं.

पट्टा आणि मॅट

पट्टा काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो तुमच्या जिवासाठी असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर या वाटेने जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर जातात. म्हणून पट्ट्याची वायर तुटली की तिथे साधी वायर जोडून वापरायची नाही. रेझिस्टरमुळे चार्ज जायला उशीर होतो का? नाही. अंगावरचा चार्ज सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो.

नवा पट्टा आणला की मीटर २ मेगाओहमवर ठेवून पट्ट्याच्या आतल्या धातूपासून क्लिपपर्यंत मोजा. १ मेगाओहमच्या आसपास यायला हवं. शून्य आलं तर रेझिस्टर नाही. काहीच आलं नाही तर वायर तुटली आहे. मग मीटर वरच्या रेंजवर नेऊन, पट्टा घालून, एक प्रोब दुसऱ्या हाताच्या बोटांत दाबून आणि दुसरी क्लिपला लावून मोजा. आकडा दहा मेगाओहमच्या आत असेल तर उत्तम. पट्ट्यासकट पूर्ण वाटेची मान्य मर्यादा ३५ मेगाओहम आहे. मे महिन्यात कातडी कोरडी पडते आणि आकडा वर जातो. मनगटाला थोडा ओला हात फिरवा, पट्टा घट्ट करा. बाहीवरून घातलेला पट्टा म्हणजे शोभेची वस्तू. आणि ‘वायरलेस’ म्हणून विकला जाणारा पट्टा घेऊच नका, चार्ज जायला वाटच नसेल तर तो जाणार कुठे?

मॅट घेताना जास्त फसवणूक होते. मोबाइलवाल्यांच्या टेबलावर दिसते ती निळी, खणांची सिलिकॉनची मॅट उष्णता सोसते, पण ती स्टॅटिकसाठी असेलच असं नाही. साधा सिलिकॉन इन्सुलेटर आहे. खरी मॅट दोन थरांची रबराची असते: वर हिरवा किंवा निळा थर, खाली काळा, आणि एका कोपऱ्यात बटण, त्यातून अर्थची वायर जाते. बटणच नसेल तर दुकानदाराला विचारा की चार्ज काढायचा कुठून. वरच्या थराची रोधकता लाखो ते अब्ज ओहममध्ये असते, त्यामुळे साध्या मीटरवर ‘ओपन’ (वाट तुटलेली) दाखवलं म्हणून मॅट खोटी ठरत नाही.

आपल्याकडे टेबलावर टॉवेल किंवा चादर अंथरायची पद्धत आहे. सोलापूरचा सुती माल पॉलिथिनपेक्षा नक्कीच बरा, पण मॅटची जागा तो घेत नाही. शिवाय टॉवेलच्या फासांत आयसीचे पाय अडकतात, आणि धुऊन धुऊन सुटलेला कापूस सोल्डरमध्ये येतो तो वेगळाच.

टेबलावरून काय हटवायचं

धातूला अर्थ करता येतं, तुमच्या अंगालाही करता येतं. प्लास्टिकला नाही. थर्मोकोलच्या तुकड्याला दहा वायरी जोडल्या तरी त्याच्यावरचा चार्ज जागेवरून हलत नाही. म्हणून थर्मोकोल, बबल रॅप, चहाचे प्लास्टिकचे कप, पॉलिथिनच्या पिशव्या, सेलोटेपचा रोल हे सगळं बोर्डापासून हातभर लांब ठेवा. आयसी थर्मोकोलमध्ये टोचून ठेवणं तर बंदच करा. सेलोटेप सर्रकन ओढली की हजारो व्होल्ट तयार होतात. नव्या डिस्प्लेवरची फिल्मही तशीच. ती हळूहळू, एका कोपऱ्यातून सोलायची.

धूळ झाडायला नायलॉनचा ब्रश नको. नैसर्गिक केसांचा किंवा स्टॅटिकसाठी बनवलेला काळा ब्रश घ्या. घरातला व्हॅक्युम क्लीनर बोर्डावर फिरवू नका.

कपडे सुती घाला. कूलर चालू असेल तर स्टॅटिकच्या दृष्टीने चांगलंच, फक्त फवारा बोर्डावर येऊ देऊ नका. एसी उलट हवा कोरडी करतो.

गिऱ्हाईक बोर्ड घेऊन येतं तेव्हा

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांकडून मागाच्या इलेक्ट्रॉनिक डॉबीचं किंवा जकार्डचं (कापडावर नक्षी काढणाऱ्या यंत्रणेचं) कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, येतं ते असं: गाडीच्या हँडलला अडकवलेली पॉलिथिनची पिशवी, आत कापसाच्या तुसाने भरलेलं कार्ड, कधी सोबत जेवणाचा डबा. माणूस दारातूनच कार्ड बाहेर काढून पुढे करतो. सवयीने आपला हात जातो. इथेच थांबायचं.

“मामा, ते पिशवीसकट मॅटवर ठेवा.”

“काय होतंय ओ, इतका वेळ हातातच होतं की.”

“असू द्या, ठेवा तरी.”

मग आधी पट्टा घाला. पिशवी मॅटवर असू दे. एका हाताने मॅटला किंवा अर्थ केलेल्या पत्र्याला स्पर्श करा, मग कार्ड कडेने धरा आणि पिशवी हळूच मागे ओढून काढा. कार्ड पिशवीतून उपसायचं नाही. कार्डाला लोखंडी ब्रॅकेट किंवा ग्राउंडचा स्क्रू असेल तर पहिला स्पर्श तिथे करा. कनेक्टरच्या पिनांना बोट लावू नका, त्या थेट आयसीच्या पायांपर्यंत जातात.

रोज काम येत असेल तर गिऱ्हाईकाला एक चंदेरी (धातूचा थर असलेली, स्टॅटिक अडवणारी) पिशवी देऊन टाका. पुढच्या वेळी कार्ड त्यातच येतं.

सोल्डरिंग करताना

दोन पिनांचं २५ वॉटचं साधं आयर्न स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि मॉसफेट-आयसीच्या कामाला धोक्याचं आहे. त्याच्या टोकाला टेस्टर लावला तर कित्येकदा मंद पेटतो. तेवढी गळती नाजूक गेटला पुरते. तीन पिनांचं स्टेशन घ्या आणि टोकापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत ओहम मोजा. दोन ओहमच्या आत असेल तर उत्तम. टोकावर काळा थर चढला की हा आकडा वाढतो, म्हणून टिप साफ ठेवणं हेही स्टॅटिकचंच काम आहे. जुनंच आयर्न वापरायचं असेल तर गरम करून पिन काढा आणि एक-दोन जॉइंट तेवढ्या उष्णतेवर करून घ्या. कटकट आहे, पण काम होतं.

प्लास्टिकच्या साध्या सोल्डर पंपाचा दट्ट्या सुटतानाही चार्ज तयार होतो. आयसीजवळ डिसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) वापरा. हॉट एअरच्या मशीनलाही तिसरी पिन खरोखर जोडलेली हवी.

नवा मॉसफेट काळ्या (कंडक्टिव्ह) फोममधून अगदी शेवटी काढा. बसवताना आधी सोर्स, मग ड्रेन, गेट सगळ्यात शेवटी. त्याआधी बोर्डावरचा गेट आणि सोर्समधला रेझिस्टर मोजून घ्या. तो ओपन असेल तर नवा मॉसफेटही गेलाच म्हणून समजा. आयसी असेल तर पहिली सोल्डर ग्राउंड आणि सप्लायच्या पिनांना.

मोबाइल-लॅपटॉपमध्ये पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. पट्टा त्यानंतरच्या कामात उपयोगी पडतो.

सप्लाय चालू करायचा असेल तर पट्टा काढा

इथे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि नवख्यांचा घात इथेच होतो.

स्टॅटिकसाठी तुम्ही अर्थला जोडलेले असायला हवेत. चालू लाइनवर काम करताना मात्र अर्थला जोडलेलं असणं हाच धोका. टीव्ही, इन्व्हर्टर एसी, चार्जर, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) यांच्या प्रायमरी, म्हणजे मेन लाइनकडच्या बाजूला २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात. पट्ट्यात १ मेगाओहम आहे हे खरं; पण मनगटाजवळची लोंबती वायर कुठे टेकेल, आणि दुसरा हात कुठल्या अर्थ केलेल्या पत्र्यावर असेल, याचा भरवसा नाही. म्हणून बोर्डाला सप्लाय द्यायच्या आधी पट्टा काढून खुंटीला अडकवायचा. रोज, न विसरता.

पायांचंही तसंच. शहाबादी फरशीवर अनवाणी बसून काम करणारे पुष्कळ आहेत. स्टॅटिकसाठी ते वाईट नाही, थोडाफार चार्ज पायातून उतरत राहतो. लाइव्ह काम करताना तीच सवय जीव घेऊ शकते. पायाखाली साधी, वीज न वाहणारी रबरी मॅट (अँटिस्टॅटिक नव्हे), पायात चप्पल, एक हात पाठीमागे, आणि पहिला सप्लाय सिरीज बल्बमधून (लाइनमध्ये ओळीने जोडलेला, करंट मर्यादित ठेवणारा बल्ब). आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन लाइनपासून वेगळा केलेला सप्लाय देणारा) परवडत असेल तर तो आधी घ्या, ऑसिलोस्कोप नंतर. बोर्ड अँटिस्टॅटिक मॅटवर ठेवून चालू करू नका, खाली कोरडं लाकूड किंवा जाड पुठ्ठा ठेवा.

सप्लाय बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहतं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची पद्धत दिसायला मर्दानी आहे, पण तिने ट्रॅक उडतात आणि शेजारच्या आयसीलाही धक्का बसतो. १ ते २ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला जोडून ठेवा. तो लावा, काही सेकंद धरा, मीटरने शून्य बघा. मगच पट्टा परत हातात.

ठेवताना आणि पाठवताना

गुलाबी पिशवी स्वतः चार्ज होत नाही, पण बाहेरून आलेला चटका अडवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, ती अडवते. मात्र तोंड बंद असेल तरच. तीच पिशवी उलटी अंथरून तिच्यावर बोर्ड ठेवून काम करणारे दिसतात. पिशवीचं संरक्षण आतल्या बाजूला असतं, बाहेर नाही. काळ्या फोममध्ये सुट्या आयसी ठेवा, पण सेल लावलेला मदरबोर्ड काळ्या कंडक्टिव्ह पिशवीत घालू नका, सेल उतरतो. फोम मिळत नसेल तर सुट्या आयसीचे पाय ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळले तरी चालतात.

पुण्या-मुंबईला कार्ड कुरिअर करायचं असेल तर क्रम असा: कार्ड चंदेरी पिशवीत, तोंड दुमडून टेप, मग बाहेरून बबल रॅप, मग खोका. बबल रॅप आत आणि पिशवी बाहेर असं उलटं केलेलं पार्सल आलं, तर ते उघडतानाही पट्टा घालूनच उघडा. रॅप कात्रीने कापायचा, ओढून फाडायचा नाही.